अंक की अवयव? संख्यांची उदाहरणे सोडवण्याची पद्धत

संख्यांची उदाहरणे अडतात ती बहुतेक वेळा गणित अवघड असल्यामुळे नव्हे, तर सुरुवातीलाच चुकीची मांडणी निवडल्यामुळे. कोणतीही संख्या दोन प्रकारे उलगडता येते. ३६० ही संख्या ३×१०० + ६×१० + ० अशी अंकांतून लिहिता येते आणि २^३ × ३^२ × ५ अशी मूळ अवयवांतूनही. (या लेखात २^३ म्हणजे २ चा तिसरा घात.) पहिली मांडणी बेरजेची आहे, दुसरी गुणाकाराची.

प्रश्नात अंकांची बेरीज, अंकांची अदलाबदल किंवा गाळलेला अंक आला, तर पहिली मांडणी घ्यायची. विभाजक किती, पूर्ण वर्ग करा, शेवटी शून्ये किती, अमुकचा किती मोठा घात भाग जातो, असे विचारले तर दुसरी. खरी कसोटी लागते ती दोन्ही एकत्र आल्यावर. तिथे एका मांडणीतून दुसरीत जाण्याचा रस्ता म्हणजे विभाज्यतेच्या कसोट्या. उदाहरण वाचून झाल्यावर आकडेमोड सुरू करण्याआधी ही निवड करा. निम्मे काम तिथेच होते.

मूळ अवयव काढताना

लहान मूळ संख्येपासून सुरुवात करा: २, ३, ५, ७, ११, १३… प्रत्येकीने भाग जातोय तोवर भागत राहा, मगच पुढची घ्या. ७५६० घेऊ.

७५६० ÷ २ = ३७८०, ÷ २ = १८९०, ÷ २ = ९४५. आता २ संपला.
९४५ ÷ ३ = ३१५, ÷ ३ = १०५, ÷ ३ = ३५. ३ संपला.
३५ = ५ × ७.

म्हणजे ७५६० = २^३ × ३^३ × ५ × ७.

कुठे थांबायचे हा प्रश्न मोठ्या संख्येत येतो. उरलेल्या संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. ३९७ मूळ आहे का? २० चा वर्ग ४००, म्हणून १९ पर्यंतच जायचे. २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९ यांपैकी कोणीच भागत नाही, तेव्हा ३९७ मूळ. कारण सोपे आहे: संख्येचे दोन अवयव पाडले, तर ते दोन्ही वर्गमुळापेक्षा मोठे असूच शकत नाहीत. ३९१ मात्र तपासता तपासता १७ ला सापडते: १७ × २३. जे १३ लाच थांबतात ते तिला मूळ ठरवून मोकळे होतात.

काही संख्या दिसायला मूळ वाटतात पण नसतात. ९१ = ७×१३, ११९ = ७×१७, १३३ = ७×१९, १४३ = ११×१३, १६१ = ७×२३, १८७ = ११×१७, २२१ = १३×१७, २४७ = १३×१९, २९९ = १३×२३, ३२३ = १७×१९. एवढी यादी पाठ असली तर पुष्कळ चुका टळतात. त्यातच १११ = ३×३७ आणि १००१ = ७×११×१३ घाला. यांतली १००१ पुढे उपयोगी पडते.

१ ला मूळ संख्येत धरायचे नाही. धरले तर ६ = २×३ = १×२×३ = १×१×२×३ असे कितीही प्रकार होतील, आणि ‘प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात’ हा नियमच मोडेल. खालची सगळी रीत या नियमावर उभी आहे. जर्मन गणिती गाऊस यांनी त्याची नेमकी मांडणी आणि सिद्धता १८०१ साली दिली.

अवयव हातात आले की काय काय मिळते

विभाजकांची संख्या काढायला प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि गुणाकार करा. ७५६० चे घातांक ३, ३, १, १. म्हणून ४×४×२×२ = ६४ विभाजक. १ का मिळवायचा? विभाजकात २ एकदाही नसेल, एकदा, दोनदा किंवा तीनदा असेल, म्हणजे चार पर्याय. हे कारण लक्षात असले की बदललेला प्रश्नही सुटतो. विषम विभाजक किती? २ अजिबात नको, म्हणून त्याचा एकच पर्याय: १×४×२×२ = १६. सम किती? ६४ − १६ = ४८. पूर्ण वर्ग असलेले विभाजक किती? २ चा घातांक ० किंवा २, ३ चा ० किंवा २, ५ आणि ७ चा फक्त ०. म्हणून चार: १, ४, ९, ३६.

पूर्ण वर्गात सगळे घातांक सम असतात, पूर्ण घनात सगळे ३ च्या पटीत. ७५६० ला कोणत्या लहानात लहान संख्येने गुणले की पूर्ण वर्ग मिळेल? चारही घातांक विषम आहेत, म्हणून प्रत्येकाला एकेक जोडीदार हवा: २×३×५×७ = २१०. पडताळा: ७५६० × २१० = १५,८७,६०० = १२६०^२. घन हवा असेल तर २ आणि ३ आधीच तीनदा आहेत; ५ आणि ७ यांना दोन-दोन हवेत: ५^२ × ७^२ = १२२५. इथे होणारी चूक म्हणजे प्रश्न ‘गुणावे’ म्हणतो की ‘भागावे’ हे न पाहणे. या संख्येत वर्गासाठी भागायचे असले तरी उत्तर २१० च येते, पण घनासाठी भागायचे तर ५ आणि ७ काढून टाकायचे, म्हणजे ३५.

उलटा प्रश्न जास्त फसवा आहे: बरोबर १६ विभाजक असलेली लहानात लहान संख्या कोणती? १६ चे गुणाकार मांडा आणि प्रत्येक अवयवातून १ वजा करून घातांक बनवा. मोठा घातांक लहान मूळ संख्येला द्यायचा.

८×२ वरून २^७×३ = ३८४
४×४ वरून २^३×३^३ = २१६
४×२×२ वरून २^३×३×५ = १२०
२×२×२×२ वरून २×३×५×७ = २१०

उत्तर १२०. पूर्ण तुकडे केले की उत्तर लहानच येते हा समज इथे मोडतो. १२ विभाजकांसाठी तो चालतो (२^२×३×५ = ६०), म्हणूनच तो मनात पक्का बसतो आणि १६ ला दगा देतो. सगळे पर्याय लिहून बघणे हाच उपाय.

घातांक: बेरीज दिसली की सामाईक बाहेर

घातांकांचे नियम गुणाकार-भागाकारापुरते आहेत. बेरीज-वजाबाकीला ते लागू नाहीत, आणि सर्वाधिक गुण इथेच जातात. २^१० + २^१० हे ४^१० नाही आणि २^२० ही नाही; ते २ × २^१० = २^११ आहे. ३^२० + ३^२० + ३^२० = ३^२१. ५^१२ − ५^१० पाहिले की ५^१० बाहेर काढा: ५^१० × (२५ − १) = ५^१० × २४. आता त्याचे मूळ अवयव समोरच आहेत: २, ३ आणि ५.

कंसाची जागाही जपा. (२^३)^२ = २^६ = ६४, पण २^(३^२) = २^९ = ५१२. कंस नसलेला मनोरा, म्हणजे घातांकावर पुन्हा घातांक, नेहमी वरून खाली सोडवतात. तसेच (−२)^४ = १६, पण −२^४ = −१६.

मोठे घात लहान-मोठे ठरवायचे असतील तर घातांकांचा मसावि काढून सर्वांचा घातांक समान करा. २^१००, ३^७५, ५^५० यांत मोठा कोण? मसावि २५. मग ते होतात १६^२५, २७^२५, २५^२५. तेव्हा ३^७५ सर्वांत मोठा, आणि ५^५० त्याच्या अगदी पाठोपाठ.

समीकरणात पाया वेगळे असतील तर मूळ संख्यांपर्यंत खाली उतरा. १२^क × १८^ख = २^१० × ३^११ असेल तर डावी बाजू २^(२क+ख) × ३^(क+२ख) अशी होते. अवयव एकाच प्रकारे पडतात, म्हणून २क + ख = १० आणि क + २ख = ११. यावरून क = ३, ख = ४. एका समीकरणात दोन अज्ञात असूनही उत्तर निघाले, कारण पूर्णांकांसाठी प्रत्येक मूळ संख्या स्वतःचे एक समीकरण देते.

शेवटचा अंक

घाताचा एकक अंक काढताना फक्त पायाचा एकक अंक बघायचा. चक्रे अशी:

२: २, ४, ८, ६
३: ३, ९, ७, १
७: ७, ९, ३, १
८: ८, ४, २, ६
४: ४, ६
९: ९, १
०, १, ५, ६ तसेच राहतात.

घातांकाला ४ ने भागा. बाकी १, २, ३ आली तर चक्रातला तितकावा अंक. बाकी ० आली तर चौथा अंक, पहिला नव्हे. (४ आणि ९ ची दोन अंकांची चक्रे दोनदा लिहिली आहेत असे धरा.) २^१०० मध्ये १०० ला ४ ने भागून बाकी ०, म्हणून एकक अंक ६. बाकी ० म्हणजे २^० = १ असे समजून १ लिहिणारे बरेच असतात, पण २ चा घात सम संख्या असतो आणि १ विषम. एवढा विचार केला तरी चूक दिसते. ७^२२२ मध्ये बाकी २, म्हणून ९.

मनोऱ्यात सावध राहा. ७^(७^७) चा एकक अंक काढायला ७^७ ची ४ ने भागून येणारी बाकी हवी. ७ ही ४ च्या पटीपेक्षा १ ने कमी. विषम घात केला तरी ती १ ने कमीच राहते, म्हणून बाकी ३. चक्रातला तिसरा अंक: ३. याउलट (७^७)^७ = ७^४९, बाकी १, एकक अंक ७.

शेवटचे दोन अंक विचारले तर ज्या घाताच्या शेवटी ०१ येते तो शोधा. ७^४ = २४०१. म्हणून ७^२२० च्या शेवटी ०१, आणि ७^२२२ च्या शेवटी ४९. २ साठी २^१० = १०२४ वापरा: २४ चा विषम घात २४ ने संपतो, सम घात ७६ ने. २^१०० म्हणजे १०२४ चा दहावा घात, शेवटी ७६.

शून्ये आणि अंकांची संख्या

शेवटचे प्रत्येक शून्य म्हणजे २ आणि ५ ची एक जोडी. १ ते १०० या सर्व संख्यांच्या गुणाकारात, म्हणजे १००! मध्ये, ५ किती वेळा येतो? १०० ÷ ५ = २०, आणि २५ च्या पटी आणखी एकेक देतात: १०० ÷ २५ = ४. एकूण २४ शून्ये. १२५! असेल तर २५ + ५ + १ = ३१. भागाकारातला फक्त पूर्णांक घ्यायचा, अपूर्णांक सोडायचा.

इथे ‘५ मोजले की झाले’ ही सवय लागते आणि पुढच्या प्रश्नात अडकवते: ५×१०×१५×…×१०० च्या शेवटी किती शून्ये? हे ५^२० × २०! आहे. ५ झाले २० + ४ = २४. पण २ फक्त २०! मधूनच येतात: १० + ५ + २ + १ = १८. म्हणून शून्ये १८. जो अवयव कमी, तोच उत्तर ठरवतो.

५०! ला १२ चा किती मोठा घात भाग जातो, हाही त्याच जातीचा प्रश्न. १२ = २^२ × ३. २ येतो २५+१२+६+३+१ = ४७ वेळा, म्हणजे ४ चे २३ संच. ३ येतो १६+५+१ = २२ वेळा. उत्तर २२. येथे मोठी मूळ संख्या ३ अडवते, पण ती दर वेळी अडवेलच असे नाही. दोन्ही मोजा.

अंकांची संख्याही याच जोड्यांतून निघते. ८^७ × २५^१२ = २^२१ × ५^२४ = १२५ × १०^२१. म्हणजे १२५ पुढे २१ शून्ये: २४ अंकी संख्या, अंकांची बेरीज ८. निव्वळ २^१०० सारख्या घातात जोड्या पडत नाहीत; तिथे २ चा दशमान लॉगॅरिथम ०.३०१० वापरा. १०० × ०.३०१० = ३०.१०, पूर्णांकात १ मिळवून ३१ अंक.

अंकांची समीकरणे

दोन अंकी संख्या १०क + ख, तीन अंकी १००क + १०ख + ग. ‘कख’ असे लिहून त्याचा गुणाकार समजणे ही सुरुवातीची चूक. पहिला अंक १ ते ९, बाकीचे ० ते ९ ही मर्यादा बाजूला लिहून ठेवा. समीकरणे अपुरी वाटतात तेव्हा तीच उरलेले काम करते.

उदाहरण: दोन अंकी संख्या तिच्या अंकांच्या बेरजेच्या चौपट आहे, अंक उलटवल्यावर ती २७ ने वाढते. १०क + ख = ४क + ४ख, म्हणून ख = २क. उलटवल्यावरचा फरक ९(ख − क) = ९क = २७, क = ३. संख्या ३६.

दोन सूत्रे पाठ ठेवा: दोन अंकी संख्या आणि तिची उलट यांची बेरीज ११(क + ख), फरक ९ च्या पटीत. मग हा प्रश्न एका ओळीत सुटतो: संख्या आणि तिची उलट यांची बेरीज पूर्ण वर्ग कधी? ११(क + ख) वर्ग व्हायला क + ख मध्ये ११ हा अवयव हवा. बेरीज जास्तीत जास्त १८, म्हणून ती ११ च. संख्या २९, ३८, ४७, ५६, ६५, ७४, ८३, ९२.

पुन्हा पुन्हा येणारे अंकही गुणाकारात बदलतात. ३५८३५८ = ३५८ × १००१, म्हणून तिला ७, ११, १३ ने भाग जाणारच.

गाळलेले अंक

५क३ख या चार अंकी संख्येला ७२ ने भाग जातो. ७२ चे ८ आणि ९ करा. ६ आणि १२ करू नका: ३६ ला दोघांनीही भाग जातो, ७२ ने जात नाही. तुकडे सहमूळ असलेच पाहिजेत, म्हणजे १ सोडून त्यांचा सामाईक विभाजक नको.

९ ची कसोटी: ८ + क + ख ला ९ ने भाग जावा, म्हणून क + ख = १ किंवा १०.
८ ची कसोटी शेवटच्या तीन अंकांवर: १००क + ३० + ख. ८ च्या पटी काढून टाकल्या की ४क + ६ + ख उरते.

क + ख = १० ठेवल्यास ३क + १६, म्हणजे ३क ला ८ ने भाग जावा. क = ० घेतला तर ख = १० होतो, ते चालत नाही. क = ८, ख = २. क + ख = १ चे दोन्ही पर्याय (१, ०) आणि (०, १) ८ च्या कसोटीवर पडतात. उत्तर ५८३२, म्हणजे ७२ × ८१.

अंकांचा गुणाकार

ज्यांच्या अंकांचा गुणाकार १२६० येतो अशांपैकी लहानात लहान संख्या कोणती? १२६० = २^२ × ३^२ × ५ × ७. अंक कमीत कमी हवेत, म्हणून ९ पासून खाली भागत या: १२६० ÷ ९ = १४०, ÷ ७ = २०, ÷ ५ = ४. अंक ९, ७, ५, ४. चढत्या क्रमाने ४५७९. गुणाकारात ७ पेक्षा मोठा मूळ अवयव असेल, जसे ६६ मध्ये ११, तर अशी संख्याच नसते. आणि ‘मोठ्यात मोठी’ विचारली तर आधी बघा की अंक किती ते दिले आहे का, कारण १ कितीही वेळा घालता येतो.

दोन्ही मांडण्या एकत्र

ककखख या रूपाची चार अंकी संख्या पूर्ण वर्ग आहे. ती शोधा.

अंकांतून: ११००क + ११ख = ११(१००क + ख).
वर्ग व्हायला कंसातही ११ हवा. १००क + ख = ९९क + (क + ख), म्हणून क + ख ला ११ ने भाग जावा, म्हणजे क + ख = ११.
ख = ११ − क ठेवा: कंस होतो ९९क + ११ = ११(९क + १).
संख्या = १२१ × (९क + १). १२१ वर्ग आहेच. आता ९क + १ वर्ग हवा. क = २ पासून ९ पर्यंत: १९, २८, ३७, ४६, ५५, ६४, ७३, ८२. एकच वर्ग ६४, क = ७, ख = ४.

७७४४ = ८८^२. चार अंकी ९००० संख्या चाळण्याऐवजी आठ तपासाव्या लागल्या.

गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा स्थिरांक ६१७४ हाही याच नजरेने पाहण्यासारखा आहे. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आणि तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येते. २१११ पासून: ९९९, ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. यात ९९९ ला ०९९९ असे चार अंकी ठेवावे लागते, नाहीतर प्रक्रिया तिथेच खुंटते. उतरत्या क्रमाचे अंक क, ख, ग, घ असतील तर फरक ९९९(क − घ) + ९०(ख − ग), म्हणून प्रत्येक पायरीला ९ ने भाग जातोच. मधली एखादी वजाबाकी चुकली की ही कसोटी बहुधा लगेच सांगते. ६१७४ चे अवयव २ × ३^२ × ७^३; तिच्या अंकांची बेरीज १८ आणि ६१७४ ÷ १८ = ३४३ = ७^३. म्हणजे कापरेकरांनीच ‘हर्षद’ असे नाव दिलेल्या, अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांपैकी ती एक आहे.

उत्तर तपासताना

गुणाकार तपासायला दोन्ही बाजूंची अंकांची बेरीज ९ ने भागून बाकी जुळवतात. पद्धत चांगली, पण तिला अंकांची अदलाबदल दिसत नाही: ७५६० च्या जागी ७६५० लिहिले तरी बेरीज १८ च. म्हणून सोबत ११ ची कसोटी लावा. उजवीकडून एकाआड एक अंक मिळवत-वजा करत जा. ७५६० साठी ० − ६ + ५ − ७ = −८; ७६५० साठी ० − ५ + ६ − ७ = −६. शेजारचे दोन वेगळे अंक उलटले की या कसोटीत फरक पडतोच, कारण बदल त्या अंकांच्या फरकाच्या दुपटीइतका असतो आणि तो ११ च्या पटीत येऊ शकत नाही.